खोक्यातला लाल तुकडा

"हॅलो, तुमची करवत काल घरी पोचली. सगळं जोडून झालं, पण खोक्यात एक लाल तुकडा उरलाय. तो कशाचा?"

पातेवाल्यांच्या ऑफिसात असा फोन अधूनमधून यायचाच. फोन घ्यायच्या वहिनी. वहिनी म्हणजे पातेवाल्यांच्या पत्नी. कारखान्यातले सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. आणि पातेवाले हे काही खरं आडनाव नव्हे. वडील करवतीची पाती विकायचे. मुलाने पुढे अख्खी यंत्रं बनवायला घेतली, तरी जुनं नाव काही सुटलं नाही.

त्यांची टेबलाची गोल करवत लहान सुतारांमध्ये चांगली नावाजलेली होती. टेबलाच्या मधल्या फटीतून अर्धं पातं वर आलेलं, ते गरगर फिरतं, फळी पुढे सारली की दोन तुकडे. या पात्यावर बसवायचं पत्र्याचं लाल झाकण, ज्याला सगळे गार्ड म्हणतात, ते खोक्यात वेगळं ठेवलेलं असे. फोनवरचा लाल तुकडा तोच.

वहिनींनी फोनवर हात ठेवला आणि विचारलं, "अहो, पुन्हा तोच प्रश्न. काय सांगू?"

पातेवाले सुतारी यंत्रांच्या प्रदर्शनाला न्यायचं सामान बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "गार्ड आहे म्हणावं. लावायचं तर लावा, नाहीतर ठेवून द्या कपाटात."

वहिनींनी तसंच सांगितलं आणि फोन ठेवला. पण त्यांना ते काही पटलं नव्हतं. "एवढं मोठं झाकण, ते कुठे बसतं हे लोकांना कळत कसं नाही?"

"अगं, कळतं सगळं. फोन करायची हौस असते एकेकाला."

"हौस कसली? आपल्या स्टॉलवर तरी ते कुणी कधी लावलेलं बघितलंय का?"

"स्टॉलवर लावून काय करू? लोक पातं बघायला येतात. त्यांना लाल पत्रा दाखवू?"

"मग आरपार दिसेल असं करा की."

"भुशाने चरे पडून धुरकट होतं ते. आणि हे काय आत्ता बोलायचं? परवा प्रदर्शन उघडतंय. माझा हात बसलाय त्या करवतीवर. इतकी वर्षं कापतोय, कधी ओरखडा तरी आला?"

हे शेवटचं वाक्य तुमच्या-माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवणारे आपण हेच म्हणतो. शिडी डुगडुगतेय हे दिसत असताना 'लगेच उतरतो' म्हणून वर चढणारेही आपणच. आपल्याला काही झालेलं नसतं, एवढ्या पुराव्यावर आपण निर्धास्त असतो. पातेवाले आपल्याहून वाईट नव्हते. फक्त त्यांच्याकडे बघायला गर्दी जमायची, आणि आपल्याकडे जमत नाही.

शिवाय यंदा त्यांच्या डोक्याला वेगळाच घोर होता. कारखान्यातली निम्मी यंत्रं कामाअभावी झाकून ठेवलेली होती. गावोगावी दुकानं असलेले एक घाऊक व्यापारी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी स्टॉलवर येणार होते. त्यांच्या मनात भरलं, तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही भरलं, तर जुन्या कामगारांतल्या कुणाला तरी घरी बसवावं लागणार होतं. त्यामुळे पातेवाल्यांनी ठरवलं होतं, यंदा स्टॉलसमोरून माणूस हलता कामा नये.

आणि खरंच, पहिल्या दिवशी माणूस हलला नाही. प्रदर्शनाच्या त्या उंच पत्र्याच्या हॉलमध्ये नुसता कल्ला होता. इकडे रंधे, तिकडे पटाश्या, कुठे पॉलिशचा वास, कुठे ड्रिलचा आवाज. पण सगळ्यात दाट गर्दी पातेवाल्यांच्या स्टॉलसमोर. समोरच्या स्टॉलवरही करवतच होती आणि तिचंही पातं उघडंच होतं, पण तिथल्या माणसाला बोलायला येत नव्हतं. पातेवाल्यांना आई-वडिलांनी धंदा दिला आणि देवाने जीभ दिली. ते फळी घ्यायचे, पात्याला अगदी लगटून अंगठा न्यायचे आणि कागदासारखी पातळ पट्टी कापायचे. पट्टी दिव्यासमोर धरली की पलीकडचा उजेड दिसायचा. लोक तोंडात बोटं घालायचे. मग करवत बंद करून पातेवाले दोन्ही पंजे वर करायचे आणि ओरडायचे, "मोजून घ्या! दहाच्या दहा!"

टाळ्या पडायच्या. गेल्या वर्षीही पडल्या होत्या, त्याच्या आधीही. वहिनी स्टॉलच्या मागच्या पडद्याशी माहितीपत्रकं वाटत उभ्या असायच्या. त्या टाळ्या ऐकल्या की त्यांना त्या उघड्या पात्याकडे बघवत नसे, पण नवरा एवढा खुशीत असताना बोलायचं कसं, म्हणून त्या पुढचं पत्रक वाटायला घेत.

दुसऱ्या दिवशी पातेवाल्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. करड्या जाकिटातला एक माणूस सकाळपासून पहिल्या रांगेत उभा होता. एक खेळ संपला की गर्दी बदलायची, हा मात्र तिथेच. हसत नव्हता, टाळ्या वाजवत नव्हता, माहितीपत्रकही घेत नव्हता. नजर सारखी पातेवाल्यांच्या हातांवर. आणि स्वतःचा उजवा हात जाकिटाच्या खिशात, जो बाहेर म्हणून येत नव्हता.

"समोरच्यांनी पाठवलेला दिसतोय," पातेवाले वहिनींच्या कानाशी लागले. "बघतोय कसा! खिशात मोबाईल असणार, सगळं टिपून घेतोय."

"काहीतरीच. गरीब दिसतो बिचारा."

"हेर गरीबच दिसतात. थांब, त्याची जरा गंमत करतो."

दुपारच्या खेळाला ही गर्दी झाली होती. पातेवाल्यांनी पट्टी कापली, दिव्यासमोर धरली, पंजे वर केले, टाळ्या घेतल्या. मग त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. "काय भाऊ, सकाळपासून फुकटात बघताय. टाळी वाजवायलाही हात खिशातून निघत नाही तुमचा. एवढं काय दडवलंय आत? काढा की बाहेर. मी दाखवली, आता तुम्ही दाखवा दहा बोटं!"

लोक खो खो हसले. मागून कुणीतरी "दाखवा, दाखवा" असा सूर लावला. त्या माणसाने एकदा मागे वळून पाहिलं. वाट नव्हती, गर्दी दाटलेली होती. मग त्याने हळूच हात बाहेर काढला आणि वर धरला, शाळेत बाईंनी सांगितल्यावर मुलं धरतात तसा.

अंगठा होता. करंगळी होती आणि तिच्या शेजारचं बोट होतं. मधली दोन नव्हती.

हसणं जागच्या जागी थांबलं. पातेवाल्यांचं रोखलेलं बोट खाली आलं. आणि तो माणूसच बोलला, रागाने नव्हे, उलट काही चुकलं असेल तर माफ करा अशा सुरात.

"तुमची करवत गेल्या वर्षी इथूनच घेतली मी. शाळांची बाकं बनवतो. तुमच्यासारखीच पट्टी कापत होतो. बघताना माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून यंदा परत आलो. तुमचा अंगठा नेमका कुठे असतो, ते नीट बघायचं होतं."

अरे, केवढी ही गोष्ट! ज्याने भांडायला यायचं, तो शिकायला आला होता!

त्या क्षणी पातेवाल्यांनी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला-मला इथे बसून कळतं. भर गर्दीत, कानशिलं तापलेली असताना, माणूस पहिल्यांदा स्वतःला वाचवतो. पातेवाले म्हणाले, "पण गार्ड? गार्ड लावलं नव्हतंत का? खोक्यातल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय."

"वाचलं होतं," तो म्हणाला. "पण तुमच्या करवतीवर नव्हतं ना ते. बनवणारेच काढून ठेवतात म्हटल्यावर मला वाटलं, रस्त्यात पात्याला धक्का लागू नये म्हणून असेल. थर्माकोल असतो ना खोक्यात, तसं."

एवढं बोलून त्याने हात पुन्हा खिशात घातला. लोकांनी आपोआप वाट करून दिली आणि तो निघून गेला. पातेवाल्यांनी करवतीकडे पाहिलं. टेबलाखाली, भुशाच्या पोत्याआड, लाल झाकण पडलेलं होतं. येताना खोक्यातून काढलेलं, तसंच.

ते पडद्यामागे जाऊन खुर्चीवर बसले. वहिनी आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पुस्तिकेत लिहिलंय," पातेवाले म्हणाले. "ठळक अक्षरात लिहिलंय. मी आणखी काय करायचं? घरोघर जाऊन बसवून देऊ?"

वहिनींनी हातातली माहितीपत्रकं खाली ठेवली.

"आणि समोरचेही उघडंच ठेवतात. सगळेच ठेवतात. ते काय सगळे वेडे आहेत?"

"त्यांचं ते बघतील," वहिनी म्हणाल्या. "अहो, पुस्तिका तुम्ही छापून आणलीत, पण शिकवलंत हातांनी. पुस्तिका खोक्यात एकटी असते. तुम्ही इथे दिवे लावून, माईक घेऊन, टाळ्या घेऊन दाखवता की झाकण काढलं तरी चालतं. लोक कुणाचं ऐकणार?"

"मी असं म्हटलं का कधी?"

"म्हणायला कशाला हवं? तो माणूस अंगठा बघायला आला होता तुमचा. अजूनही त्याला वाटतंय, चूक त्याचीच." त्या शेजारच्या खोक्यावर बसल्या. "आणि माझं काय? लाल तुकडा कशाचा म्हणून ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी सांगितलं, ठेवून द्या कपाटात. मला पटत नव्हतं, तरी सांगितलं. त्यातला एखादा फोन याचाच असेल तर? मला आवाजही आठवत नाही हो."

पातेवाल्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावर ठेवले. मग दचकून खाली घेतले. आपले ते धडधाकट पंजे त्यांना त्या वेळी बघवेनात. याच पंज्यांवर आपण टाळ्या घेतल्या, आणि वर एका जखमी माणसाला चारचौघांत हात वर करायला लावला, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि त्या माणसाला शोधायला निघाले.

हॉलच्या दाराशी चहाचं टेबल होतं. तिथे तो एकटाच उभा होता, डाव्या हाताने चहा पीत. पातेवाले जवळ गेले. ते म्हणाले, "भाऊ, चूक तुमची नव्हती. माझी होती. आणि मघाशी मी जे केलं, ते तर..."

त्या माणसाने चहाचा पेला खाली ठेवला. "घरी करवतीवर चादर टाकून ठेवलीय," तो म्हणाला. "बायको चालू करू देत नाही. खरं सांगू? मलाही भीती वाटते. जवळ गेलो की घाम फुटतो. हाताने कापून कितीशी बाकं होणार? म्हणून म्हटलं, एकदा नीट बघून घेऊ. नाहीतर हे काम सोडावंच लागेल."

पातेवाल्यांना गलबलून आलं. आणि गलबललेल्या माणसाला जे सुचतं, तेच त्यांना सुचलं. "उद्या स्टॉलवर माझ्याशेजारी उभे राहा. मी सगळ्यांना सांगतो, गार्ड काढलं की काय होतं ते. तुमचा हात बघितला की एकही माणूस..."

"नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "माझा हात काही तुमच्या स्टॉलवरची वस्तू नाही. आज एकदा दाखवला, तेवढं पुरे झालं. चूक तुमची होती म्हणता ना? मग तुमची चूक दाखवा."

पातेवाल्यांची मान आणखी खाली गेली. माफी मागायला आलेला माणूस दोन वाक्यांत पुन्हा खेळ मांडायला निघाला होता! लाज वाटली म्हणजे माणूस सुधारला, असं नसतं. सवय मोठी चिवट असते.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मग एवढं तरी करा. उद्या सकाळी हॉल उघडायच्या आधी या. बघायला नको, कापायला या."

तो आला. रिकाम्या हॉलमध्ये पातेवाले, वहिनी आणि तो, असे तिघेच होते. पातेवाल्यांनी लाल झाकण भुशाच्या पोत्याआडून काढलं, पुसलं आणि पात्यावर बसवलं. स्वतःच बनवलेलं ते झाकण बसवताना त्यांना नट सापडायला वेळ लागला, इतकी त्याची सवय नव्हती. मग फळी पुढे सारायची लाकडी काठी त्याच्या हातात दिली. त्याने काठी तीन बोटांत धरली. करवत सुरू झाली तसा तो एक पाऊल मागे सरला. कुणी घाई केली नाही. मग तो पुढे झाला, काठीने फळी रेटली, आणि फळीचे दोन सरळ तुकडे पलीकडे पडले. हात पात्यापासून लांबच राहिला होता. त्याने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "एवढंच होतं?"

पातेवाल्यांनी करवत बंद केली.

दुपारी घाऊक व्यापारी आले. गर्दी जमलीच होती. आज करवतीवर लाल झाकण होतं. पातेवाल्यांनी साधी फळी कापायला घेतली तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, ते झाकण काढा की! काही दिसत नाहीये."

पातेवाल्यांनी करवत बंद केली. माईक हातात घेतला, आणि मग तो खाली ठेवून दिला.

"नाही काढणार," ते म्हणाले. "गेली कित्येक वर्षं इथे उभा राहून मी हे काढत आलो. तुम्ही टाळ्या दिल्यात, मला बरं वाटायचं. ते बघून एकाने घरी हे झाकण लावलंच नाही. त्याची बोटं गेली. त्याला वाटत होतं, आपण नीट बघितलं नाही. त्याने नीटच बघितलं होतं. मीच चुकीचं दाखवलं. ती कागदासारखी पट्टी तुम्हाला आज दिसणार नाही. ती कुणाच्याही कामाची नसते, भुशात टाकायच्या लायकीची असते. ती मी फक्त शाबासकीसाठी कापत होतो."

गर्दीत चुळबुळ झाली. बरेच जण समोरच्या स्टॉलकडे वळले, तिथे पातं चमचमताना दिसत होतं. व्यापारी पातेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं बोललात. पण आम्हाला माल खपवायचा असतो. ही असली गोष्ट ऐकून गिऱ्हाईक पळतं. कळवतो." ते कळवणार नाहीत, हे पातेवाल्यांना त्यांच्या चालीवरूनच कळलं. कारखान्यातली झाकलेली यंत्रं आणि ज्यांना घरी बसवावं लागेल त्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांसमोर आले. ही किंमत आपण आपल्याच हाताने ओढवून घेतली आहे, आणि ती आपल्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त मोजावी लागणार आहे, हेही त्यांना कळलं. लाजेत आणखी भर पडली.

तरी काही माणसं उभी राहिली होती. एक म्हातारा सुतार पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ते लाल आमच्याकडेही आहे. खोक्यातच पडलंय. नातू त्याच्यात खिळे ठेवतो."

"आमचं कपाटावर आहे," दुसरा म्हणाला.

"आमचं तर टाकूनच दिलं," मागून एक बाई म्हणाल्या. "नवरा म्हणाला, तसंही कुणी लावत नाही."

पातेवाले एकेकाचं ऐकत गेले, तसं त्यांना कळत गेलं की त्या एका जाकिटाच्या खिशात जे होतं ते बाहेर आलं म्हणून दिसलं. असे खिसे किती असतील, कुणास ठाऊक! त्यांनी वहिनींकडे पाहिलं. फोनवर विचारणाऱ्यांच्या नंबरांची वही उघडून वहिनींनी आधीच फोन हातात घेतला होता.

एवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक गर्दीतून वाट काढत आलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो हसत ओरडला, "काय पातेवाले, यंदा दहा बोटं नाही का दाखवणार?"

पातेवाल्यांनी हात वर केले नाहीत. ते पाठीमागे घेतले आणि म्हणाले, "नाही. आता ती दाखवायची लाज वाटते."

मित्रहो, पातेवाल्यांची गोष्ट इथे संपते, आपली संपत नाही. आपल्याकडे बघून कुणी ना कुणी शिकत असतं, आणि त्याने आपल्याला तसं सांगितलेलंही नसतं. आपल्याला सवय आहे, आपला हात बसलाय, म्हणून आपण एखादी काळजी बाजूला ठेवतो. बघणाऱ्याला आपली सवय दिसत नाही, फक्त बाजूला ठेवलेली काळजी दिसते, आणि तो तेवढीच घरी घेऊन जातो. म्हणून ज्याच्याकडे चार माणसं बघतात, त्याला एवढीशीही सूट घेण्याचा हक्क नाही. आणि घेतली असेल, तर चूक कळल्यावर गप्प बसण्याचा तर मुळीच नाही.

पडद्यामागून वहिनींचा आवाज येत होता. त्या पहिला फोन लावून बोलत होत्या.

"हॅलो, करवतीच्या कारखान्यातून बोलतेय. तुम्ही मागे फोन केला होता, लाल तुकड्याचा. मी सांगितलं होतं, ठेवून द्या कपाटात. मी चुकीचं सांगितलं हो. आधी मला एवढं सांगा, तुमच्याकडे सगळे नीट आहेत ना?"